डच लुगर घेऊ का म्हणतोस, पण एक्स्ट्रॅक्टर दोन्ही बाजूंनी बघितला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याकडचा एक तरुण पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे, आता ग्रीन कार्ड झालंय, आणि त्याला जुनी कॉन्ट्रॅक्ट पिस्तुलं जमवायची आहेत, म्हणजे एका देशाच्या कारखान्याने दुसऱ्या देशाच्या लष्करासाठी ऑर्डरीवर बनवलेली. एक जण त्याला डच लुगर, म्हणजे डच फौजेसाठी बनलेलं जर्मन लुगर पिस्तूल देतोय, "रेअर आहे, दोन आठवड्यात काय ते कळव" म्हणतोय. घ्यावं का, सुरुवात कशाने करावी आणि पुढेमागे हे सगळं चोपड्याला घरी आणता येईल का, असे तीन प्रश्न.

तर भाऊ, शेवटच्याचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे. नाही येणार. विषय संपला. का ते खाली सांगतो.

मी आधी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होतो, काडतुसं बनवायच्या कामात, हातात दिवसभर गेज आणि मायक्रोमीटर, नंतर अमेरिकेत बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली आणि तिथेच हा नाद लागला. आता जळगावला परत आलोय. पिस्तुलं बहुतेक विकली, उरलेली तीन पिस्तुलं मुलीकडे आहेत, ती तिकडची नागरिक आहे. माझ्याकडे इथे फक्त फोटो, बटर पेपरवर पेन्सिलने घासून घेतलेले शिक्क्यांचे ठसे आणि सराफ बाजारातून घेतलेलं दहापट मोठं दाखवणारं भिंग. खरं सांगतो, हाच माझा खरा संग्रह आहे, लोखंड तर कोणीही पैसे टाकून घेतो.

आता हे नीट समजून घे. कॉन्ट्रॅक्ट पिस्तुलात तू पिस्तूल विकत घेतच नसतोस, तू शिक्का विकत घेतोस. साधं जर्मन लुगर आणि डच लुगर ह्यांच्यात पोलाद तेच, डिझाइन जवळपास तेच, गोळी तीच ९ मिमी. फरक मुख्यतः दोन-चार शब्दांचा, एखाद्या मुकुटाचा, एखाद्या पितळी पट्टीचा. आणि भाव दोघांचे वेगळे. मग बनावट करणारा कुठे मेहनत घेईल? लोखंडात नाही, शिक्क्यात. आपल्याकडे जळगावात कसं, पाटलीचं वजन कोणीही बघतं, पण हॉलमार्क खरा की नुसता ठोकलेला हे भिंगाखाली बघणारा एखादाच, तसंच.

डच लुगरची गोष्ट नीट सांगतो कारण तुझा सौदा तोच आहे आणि मी पण त्यातच आपटलोय.

डचांच्या ईस्ट इंडीजच्या फौजेने, म्हणजे आजच्या इंडोनेशियात जी होती तिने, १९११ मध्ये लुगर स्वीकारलं, त्याला एम-११ म्हणतात. जर्मनीच्या डीडब्ल्यूएम कारखान्याने बनवलं. मग पहिलं महायुद्ध झालं, व्हर्सायचा तह झाला, जर्मनीला असली शस्त्रं परदेशी विकायची बंदी आली, आणि डचांना तर पिस्तुलं हवीच होती. मग काय युक्ती केली, तर जर्मन भाग इंग्लंडला विकर्स कंपनीकडे गेले, तिथे पिस्तुलं पुरी झाली आणि टॉगलवर, म्हणजे वरच्या दुमडणाऱ्या सांध्यावर, नाव आलं विकर्स लिमिटेड. साधारण सहा हजार नग. जर्मन पिस्तूल, इंग्रज नाव, डच मालक आणि नोकरी जावा-सुमात्राच्या जंगलात. ह्या एका वस्तूत त्या काळचं सगळं राजकारण बसलंय बघ, म्हणून तर हा नाद सुटत नाही.

ह्या एम-११ वर डाव्या बाजूला सेफ्टीच्या लिव्हरपाशी चार अक्षरं असतात, आर-यू-एस-टी, म्हणजे "रुस्ट", आणि एक वाकडा बाण. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कोणी चेष्टा केली की काय, पिस्तुलावर "गंज" कशाला लिहील कोणी! डच भाषेत त्याचा अर्थ विश्रांती, म्हणजे लिव्हर बाणाकडे नेली की पिस्तूल सेफ. दुसरी खूण एक्स्ट्रॅक्टरवर, रिकामं टरफल ओढून काढणारी वर जी छोटी पट्टी असते, आत गोळी असली की थोडी उचलली जाते ती. तिच्यावर "गेलाडेन" लिहिलेलं असतं, भरलेलं आहे असा अर्थ. आता इथे मेख आहे. हा शब्द जर्मनमध्येही तोच आणि डचमध्येही तोच. पण जर्मन पिस्तुलावर तो फक्त डाव्या बाजूला असतो आणि डच एम-११ वर दोन्ही बाजूंना. तिसरी खूण म्हणजे मुठीच्या मागच्या बाजूला दाबायची सेफ्टी, ग्रिप सेफ्टी म्हणतात ती. जर्मन लष्कराच्या लुगरला, म्हणजे पी-०८ ला ती नाही, एम-११ ला आहे.

मला जो नग मिळाला त्याला ग्रिप सेफ्टी होती, रुस्ट होतं, बाण होता, पितळी पट्टी सुद्धा होती ट्रिगर गार्डवर, त्या फौजेत युनिटचा नंबर कोरून अशी पट्टी झाळायचे. विकणारा गोड बोलणारा माणूस, त्याने सांगितलं की कोणा डच कुटुंबाकडून आलंय, जपान्यांच्या कैदेतून आजोबा वाचले वगैरे वगैरे. मी त्या गोष्टीतच अडकलो ना. अठराशे डॉलर मोजले, त्या काळात माझ्या दृष्टीने बक्कळ रक्कम, बायकोला बाराशे सांगितले. घरी आलो, रात्री टेबल लॅम्प आडवा लावला, भिंग काढलं आणि एक्स्ट्रॅक्टर उजवीकडून बघितला. कोरा. एकदम गुळगुळीत कोरा.

मग बाकीचं दिसायला लागलं. रुस्टमधल्या अक्षरांच्या कडांना बारीक ओठ होते, म्हणजे धातू वर आलेला, नखाला लागत होता. आतला तळ काळसर केलेला होता पण रंग बाजूच्या ब्लूइंगपेक्षा, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या थरापेक्षा वेगळा, थोडा जांभळट. कोणीतरी ग्रिप सेफ्टी असलेलं साधं नागरी विक्रीचं लुगर घेऊन त्याच्यावर डच सोंग चढवलं होतं. पट्टी खरी असेल सुद्धा, कुठल्यातरी मोडक्या नगावरून काढलेली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे "जसं आहे तसं" विकलं होतं. संपलं. ते पिस्तूल मी पुढे "नकली खुणा" असं स्पष्ट लिहून अर्ध्याहून कमी भावात काढलं.

ह्याच्यातून जे शिकलो ते सांगतो, पण लगेच नियम करून टाकू नकोस. शिक्का ब्लूइंगच्या आधी मारला की नंतर हे भिंगाखाली कळतं. आधी मारला असेल तर नंतर पॉलिश झाल्यामुळे कडा सपाट येतात आणि आतला रंग बाहेरच्यासारखाच. नंतर मारला असेल तर कड थोडी वर येते, भोवती रंग जरा तुटलेला, चकचकीत कडं दिसतं. पण नंतर मारलेला म्हणजे खोटा असं अजिबात नाही! जर्मन प्रूफचे, म्हणजे गोळी झाडून तपासल्याचे, काही शिक्के ब्लूइंगनंतरच मारलेले असतात, तिथे ते कडं असणं हीच चांगली खूण. म्हणून कुठल्या कॉन्ट्रॅक्टवर कुठला शिक्का कधी मारायचे हे आधी माहीत पाहिजे, आणि त्यासाठी खात्रीचे दहा-वीस नग डोळ्याखालून गेले पाहिजेत. संग्राहकांच्या शोला जा, विकत काही घेऊ नकोस, फक्त विचारून हातात घे आणि बघ. पहिलं वर्ष नुसतं बघण्यात गेलं तरी चालतं. आणि वेगवेगळ्या भागांवरचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून तोंड वाकडं करायच्या आधी हे पण बघ, की डच लुगरचं बॅरल पुष्कळदा तिकडच्याच शस्त्रागारात बदललेलं असतं, त्याच्यावर वेगळी तारीख असते. जर्मन नगात हा दोष, डच नगात हा त्याच्या नोकरीचा दाखला.

सुरुवात कशाने करावी विचारलंस. लुगरने करू नकोस. एफएन १९२२ ने कर. बेल्जियमच्या एफएन कारखान्याचं पिस्तूल, ब्राउनिंगच्या १९१० च्या मॉडेलचं लांब केलेलं रूप, आणि ते लांब झालंच मुळात युगोस्लाव्हियाच्या राज्याने १९२३ मध्ये ऑर्डर दिली म्हणून. युगोस्लाव्ह नगावर सिरिलिक अक्षरं असतात, डच नगावर राणी विल्हेल्मिनाचा मुकुट आणि डब्ल्यू, आणि १९४० नंतर जर्मनांनी कारखाना ताब्यात घेतल्यावर त्यांचे तपासणीचे शिक्के. एकाच मॉडेलवर तीन-चार देशांच्या लिप्या वाचायला मिळतात, भाव पण डोक्यावरून जात नाहीत, आणि स्वस्त असल्यामुळे त्याची नक्कल करायला कोणी फार कष्ट घेत नाही. शिकायला ह्याच्यासारखं बरं काही नाही.

दुसरं घ्यायचं तर अर्जेंटिनाचं १९२७ मॉडेल. ते कोल्ट १९११ चंच घराणं, लायसन घेऊन तिकडे बनवलेलं, आणि स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकणाऱ्या भागावर, स्पॅनिशमध्ये "एहेर्सितो अर्हेंतिनो" म्हणजे अर्जेंटिनाचं लष्कर. कॅलिबर ११.२५ मिमी लिहिलेलं असतं, ते बघून घाबरू नको, ते आपलं .४५ च आहे. चोखंदळ लोक म्हणतील हे कॉन्ट्रॅक्ट नाही, लायसनवरचं आहे. बरोबर आहे त्यांचं. पण शिकायचं असेल तर घे. अर्जेंटिनाच्या वस्तूंचं एक बघून घे, त्यांच्या १९०५ च्या मान्लिखर पिस्तुलावरचं राष्ट्रचिन्ह पुष्कळ ठिकाणी घासून काढलेलं सापडतं, सरकारनेच विकताना काढलेलं. चिन्ह शाबूत असलेला नग मिळाला तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही, फक्त ते चिन्ह परत कोरलेलं तर नाही ना हे बघून. त्याच देशातलं बायेस्टेर-मोलिना कोणी दाखवलं की तो सांगणारच की हे ग्राफ श्पे ह्या बुडवलेल्या जर्मन युद्धनौकेच्या पोलादातून बनलंय. ती नौका १९३९ च्या डिसेंबरात माँटेव्हिडिओपाशी बुडवली हे खरं, बाकी पोलादाची गोष्ट दुकानदारांची. हसून ऐक आणि भाव कमी कर म्हण.

स्वीडनचं एम-०७ पण बरं, हुस्कवार्नाने बनवलेलं ब्राउनिंग १९०३, पण अमेरिकेत आलेल्या पुष्कळ नगांच्या चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते तिथे, नळी घालून .३८० ची गोळी बसेल असं करून टाकलंय. त्याला संग्राहक कमी किंमत देतात. चेंबरमध्ये टॉर्च मारून बघ.

मग पुढे कधी मोठं काही घ्यावंसं वाटलं तर रशियन कोल्ट. पहिल्या महायुद्धात रशियासाठी अमेरिकेतून घेतलेली १९११ पिस्तुलं, साधारण ५१ हजार, १९१५ ते १७ मध्ये. फ्रेमवर सिरिलिकमध्ये "आंग्ल. झाकाझ" म्हणजे इंग्रज ऑर्डर, कारण ऑर्डर इंग्लंडमार्फत गेली होती. नंबर सी २१००० च्या आसपासपासून सी ८९००० च्या आसपास. पण त्या रेंजमधला प्रत्येक नग रशियन नाही, आणि बनावट करणाऱ्याला ही रेंज तुझ्यामाझ्याइतकीच पाठ आहे. ह्याला औषध एकच, कोल्टच्या अर्काइव्हकडून त्या नंबरचं पत्र मागव, कधी आणि कुठे पाठवलं ते त्यात असतं. पत्राचे पैसे वाचवून मग पिस्तुलाचे घालवणारे लोक मी बघितलेत.

इंग्लिसचं चायनीज हाय-पॉवर, म्हणजे चीनसाठी बनलेलं ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल, मला स्वतःला सगळ्यात आवडतं. कॅनडात टोरांटोला इंग्लिस म्हणून कंपनी, तिला चीनसाठी १ लाख ८० हजार पिस्तुलांची ऑर्डर मिळाली, १९४४-४५ मध्ये बनवली, ऑर्डर पुरी काही झाली नाही. स्लाइडवर चिनी अक्षरं, नंबरात सीएच, मागे नेम धरायची, वरखाली करता येणारी साइट आणि मुठीला खाच, लाकडी होल्स्टर मागे जोडून बंदुकीसारखं खांद्याला लावायला. आपल्या फौजेचं इशापूरला बनणारं ९ मिमी १ए पिस्तूल ह्याच घराण्यातलं, त्यामुळे पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ओळखीचा माणूस परदेशात भेटल्यासारखं झालं.

इराणचं लुगर पण सांगायचं राहिलं. माउझरने १९३० च्या दशकात बनवलेलं, सिंह-सूर्याचं चिन्ह, नंबर सगळे फारसी आकड्यात, मॉडेलचं साल १३१४, म्हणजे त्यांच्या पंचांगाप्रमाणे, आपलं १९३५-३६. मला ते आकडे येत नव्हते. सुट्टीवर आलो तेव्हा भुसावळला उर्दू शाळेतल्या एका मास्तरांना फोटो दाखवला, त्यांनी चहा संपायच्या आत सगळे नंबर वाचून दिले आणि वर म्हणाले, हा चार आणि हा सहा वेगवेगळ्या हातचे वाटतात. बघितलं तर खरंच, एक भाग बदललेला होता. मास्तरांनी आयुष्यात पिस्तूल हातात धरलं नसेल. पोर्तुगालच्या जीएनआर, म्हणजे तिथल्या रिपब्लिकन गार्डच्या, लुगरचं नाव पण ऐकशील, १९३५ चं, फक्त ५६४ नग, ७.६५ मिमी. ते आपल्या खिशातलं काम नाही, पुढे जा.

आता कागदपत्रं. तुझं ग्रीन कार्ड आहे म्हणून बोलतोय. एच-वन-बी वर असशील तर तिथल्या फेडरल कायद्याने पिस्तूल बाळगताच येत नाही, शिकारीचं लायसन वगैरे ठराविक अपवाद सोडले तर. आपली पुष्कळ पोरं मित्राबरोबर दुकानात जातात आणि ह्याच्यात फसतात, त्यांना सांग. तू क्युरिओ अँड रेलिक लायसन, म्हणजे जुनी शस्त्रं जमवणाऱ्याचं लायसन काढ, तीस डॉलर, तीन वर्षं चालतं, पन्नास वर्षांवरचे नग त्याच्यावर घेता येतात आणि वहीत नोंद ठेवावी लागते, ती नोंद किराणा दुकानाच्या उधारीसारखी चोख ठेव. १८९८ पर्यंत बनलेलं असेल तर फेडरल कायद्यात ते अँटिक, पण राज्याराज्याचं वेगळं आहे ते बघ. आणि खांद्याला लावायचा लाकडी स्टॉक दिसला म्हणून कुठल्याही पिस्तुलाला जोडू नको, ते छोट्या बॅरलची रायफल धरलं जातं आणि मोठा गुन्हा होतो, सूट काही ठराविक जुन्या जोड्यांनाच आहे.

घरी का आणता येणार नाही ते सांगतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आपल्याकडे साध्या माणसाला बंदूक-पिस्तूल आयात करता येत नाही, नेमबाजांना आणि आणखी थोड्या ठराविक लोकांना सूट आहे तेवढी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं, आधी तीन होती, आणि वारसाने आलेलं पण त्या दोनातच. शिवाय ९ मिमी, .३८, .४५५ हे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या माणसाला मनाई असलेली कॅलिबरं, तुझी लुगर आणि हाय-पॉवर त्याच्यातच बसतात. बॅरल, स्लाइड, मॅगझीन असला सुटा भाग "आठवण म्हणून" बॅगेत टाकू नकोस, सुटे भाग पण कायद्यात शस्त्रातच धरतात. आणि एखादी गोळी जॅकेटच्या खिशात राहिलेली विमानतळावर सापडली तर सुट्टी वकिलाकडे जाईल. चोपड्याला येताना भिंग आण, बास.

सांभाळायचं दोन शब्दात. चकचकीत करू नको! आपल्याकडे सणाला भांड्यांना कल्हई करतात तसं काही लोक जुनं पिस्तूल नवं ब्लूइंग करून आणतात आणि अक्षरांच्या कडा गोल करून निम्मी किंमत घालवतात. कातडी होल्स्टरमध्ये घालून ठेवू नको, कातडं ओल धरतं आणि वर्षभरात तिथेच गंज येतो, तुमच्या तिकडच्या बेसमेंटमध्ये तर नक्कीच. लुगरची डावी मूठ काढशील तेव्हा सेफ्टीच्या लिव्हरपाशी लाकडाचा कोपरा असतो तो हमखास उडतो, लिव्हर आधी नीट जागेवर आण आणि लाकूड सरळ वर उचल, पेचकसने उचकटायचं नाही. माझ्या हातून एक उडालाय, बारीकसा तुकडा होता, गादीखाली पण शोधला, नाही सापडला. आणि सगळे नंबर जुळणारं असेल तर ते चालवू नको, फायरिंग पिन मोडली तर नंबरवाली दुसरी कुठून आणशील. चालवायची हौस असेल तर नंबर न जुळणारं एखादं स्वस्तातलं वेगळं घे.

राहिला तुझा सौदा. दोन आठवडे म्हणतोय ना तो, मग घाई त्याला आहे, तुला नाही. त्याला एवढेच फोटो मागव: सेफ्टीजवळची अक्षरं, उजेड आडवा टाकून, जवळून. मुठीची मागची बाजू. टॉगलवरचं नाव. सगळे नंबर. पट्टी असेल तर तिची झाळ कशी आहे ते बाजूने. आणि एक्स्ट्रॅक्टर, डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही. बाकीचे तो लगेच पाठवेल. उजव्या बाजूचा पाठवायला किती दिवस लावतो ते मला कळव.